पाव बघत बघत: दादर ते म्हापसा

वडापावावर बोलताना सगळे वड्यावरच बोलतात. कुणाचा तिखट, कुणाचा मोठा, कुणाच्या सारणात लसूण सढळ. पावाचं नाव कुणी काढत नाही. माझा आतेभाऊ, आमचा दादा, डोंबिवलीत बेकरीच्या भट्टीपाशी आयुष्य काढलेला माणूस. काम सोडल्यापासून त्याच्या डोक्यात एकच होतं: रात्र जागून आपण जो पाव केला, तो वेगवेगळ्या गावांत कुठल्या वड्याला कसा साथ देतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं. मला खायची हौस, त्याला बघायची. म्हणून दोघं निघालो, दादरपासून खाली गोव्यापर्यंत.

शनिवार. दादर, प्रभादेवी

सुरुवात दादर स्टेशनबाहेर केली, कारण वडापावाची सुरुवातही इथलीच मानतात. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी स्टेशनबाहेर वड्याची गाडी लावली. शेजारी आम्लेट-पाववाला होता. त्याच्याकडचा पाव घेऊन त्यात आपला वडा घालायचं तिथूनच सुचलं, असं सांगतात. त्याच काळात सुधाकर म्हात्रे यांनीही दादरमध्ये वडापाव विकायला घेतला होता. पहिला मान कुणाचा, यावर दादरकर अजून तावातावाने बोलतात. मला त्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की बटाटावडा तोवर पानात वाढायचा पदार्थ होता. पाव मिळाला आणि तो चालत्या माणसाच्या हातात आला.

आणि चालती माणसं इथे पुष्कळ होती. लालबाग, परळ, वरळी, सगळीकडे गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या. पाळी सुटली की भूक भागवायला ताट नको, चमचा नको, बसायला बाकडं नको, असं काहीतरी हवं होतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप लांबला, गिरण्या एकेक करत बंद पडल्या, आणि घर चालवायला त्यातल्या कित्येकांनी वडापावची गाडी टाकली. काल जो खाणारा होता तोच आज कढईपाशी उभा राहिला. मुंबईच्या वडापावाविषयी मला जी माया वाटते ती चवीइतकीच याच्यामुळे.

दुपारी कीर्ती कॉलेजकडे गेलो. काशीनाथ धुरू मार्गावरच्या त्या गाडीवरची रांग अजून तशीच. इथली खासियत म्हणजे चुरा. वडे तळताना पिठाचे जे थेंब तेलात सुटतात, ते कुरकुरीत झाले की झाऱ्याने काढायचे आणि पावात वड्याबरोबर भरायचे. दादाने वडा बाजूला ठेवून आधी नुसता पाव चिमटीत दाबून बघितला. बोट काढल्यावर पाव पुन्हा वर आला. "सकाळचाच आहे," तो म्हणाला. मग पाव उलटा करून त्याचा तळ बघितला. तळ फिका आणि कोरडा हवा. पिठाची जाड पूड चिकटलेली असेल तर घाई झाली, आणि आंबूस वास आला तर पीठ जास्त वेळ पडून राहिलं.

चुरा इथे का शोभतो, तेही त्यानेच दाखवलं. लादीतला पाव सगळ्या बाजूंनी मऊच असतो. भट्टीत पाव एकमेकांना चिकटून फुगतात, त्यामुळे कड सुटत नाही. फक्त माथा भाजतो. वडाही आत मऊ. दातांखाली करकरणारं असं त्यात काहीच नाही. ते काम चुरा करतो, आणि सुक्या खोबऱ्याची लाल चटणी.

संध्याकाळी दादाच्या ओळखीच्या एका जुन्या बेकरीत गेलो. विटांची लाकडावरची भट्टी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हापासून या सगळ्या मंडळींत तोच विषय आहे. हवा सुधारायला हवी यात शंका नाही. मुंबईत हिवाळ्यात श्वास घेणाऱ्या कुणालाही ते पटेल. पण नवी भट्टी बसवायची तर मोठी रक्कम लागते, जागा लागते, आणि मधले दिवस धंदा बंद ठेवावा लागतो. स्वस्त पावावर सगळं शहर पोसायचं आणि तो पाव करणाऱ्याला एकट्याला सोडायचं, हे मला बरोबर वाटत नाही. भट्टी बदलायला कर्ज आणि अनुदान सहज मिळायला हवं.

रविवार. डोंबिवली, कल्याण, ठाणे

मुक्काम दादाच्या घरी होता. पहाटे त्याने मला त्याच्या जुन्या बेकरीत नेलं. आता तिथे विजेची भट्टी आहे. रात्री मैदा, पाणी, मीठ, चिमूटभर साखर आणि यीस्ट एकत्र करून मळलेलं पीठ फुगून वर आलं होतं. कारागीर त्याचे गोळे तोडत होते. वजनकाटा समोर होता, पण त्याकडे कुणी बघत नव्हतं. तोडलेला गोळा दोन्ही तळव्यांत घोळवून पत्र्यावर ठेवायचा, दोन गोळ्यांत बोटभर जागा सोडायची. ती जागा पाव फुगून भरून काढतो. बोटभराहून कमी सोडली तर पाव दाटतात आणि मध्ये कच्चे राहतात. जास्त सोडली तर कडा सुट्या भाजतात, कडक होतात, आणि वडापाववाला असली लादी परत पाठवतो. दादा एका नव्या पोराचा पत्रा बघून थांबला, त्याने तीन गोळे जरा सरकवले आणि काही न बोलता पुढे गेला. पोरगा म्हणाला, "काका, रोज येत जा की."

गाड्यांना पाव दोनदा जातो, पहाटे आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास. संध्याकाळची गर्दी दुपारच्या लादीवर चालते. म्हणून दुपारी एकच्या आसपास वडापाव खाऊ नये, असं दादाचं मत. तेव्हा वडा गरम असला तरी पाव सकाळचा असतो.

कल्याणला वझे यांचा खिडकी वडा. घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात झाली आणि तेच नाव पडलं. वडा हाताला खडबडीत, सारण पिवळंधमक, हिरवी मिरची आणि आलं भरपूर. इथे माझं लक्ष वड्यावरून हलेना हे कबूल करते. बटाटा लगदा होईपर्यंत कुस्करलेला नव्हता. मधे मधे फोडी लागत होत्या. बटाटा सालीसकट उकडून, पूर्ण गार झाल्यावर हातानेच फोडला की असं सारण होतं. गरम असताना किसला किंवा मॅशरने दाबला की चिकट होतो आणि मग वड्याच्या पोटात पिठूळ लागतो.

ठाण्यात नौपाड्यातल्या गजाननकडे बेसनाची पिवळी चटणी. ती वड्यावर पातळ अशी ओततात आणि पाव ती पिऊन घेतो. माझ्या घशाला लाल सुकी चटणी जास्त आवडते, पण या पिवळ्या चटणीने पावाचा कोरडेपणा पार जातो हे खरं. स्टेशनजवळच्या कुंजविहारचा वडापाव आकारानेच मोठा, त्यामुळे एकच घेऊन दोघांनी वाटून खाल्ला. चव चांगली, पण एवढ्या मोठ्या वड्याला पाव अपुरा पडतो. शेवटच्या दोन घासांत नुसता वडाच उरतो.

सोमवार. कर्जत, मग पुणे

सकाळच्या डेक्कन एक्स्प्रेसने कल्याणहून निघालो. कर्जतचा वडा का प्रसिद्ध झाला याचं कारण रेल्वेच्या कामकाजात आहे. कर्जतनंतर बोरघाट सुरू होतो. १८६३ मध्ये सुरू झालेला हा मार्ग दर ३७ फुटांना १ फूट चढतो. एका इंजिनाला तो चढ झेपत नाही, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत नेतात. ही जोडणी होईपर्यंत गाडीला थांबावंच लागतं. तेवढ्या थांब्यावर दिवाडकरांचा वडा पिढ्यान्‌पिढ्या विकला गेला. घाट नसता तर कर्जत हे गाड्या न थांबता जाणारं एक स्टेशन राहिलं असतं.

वडेवाले खिडकीशी आले. एका हातात टोपली, दुसऱ्या हाताच्या बोटांत नोटा घडी करून अडकवलेल्या. पाव आधीच चिरून ठेवलेले, चटणीही आत पसरलेली. मागणी आली की वडा घालायचा, कागदात गुंडाळायचा, खिडकीतून द्यायचा. सगळं गाडी सुटायच्या आत. वडा लहान आणि गोल. दादाने कागद लगेच उघडला नाही. "थांब, जरा दमू दे," म्हणाला. गाडी हलली, पळसदरीच्या पुढे चढ लागला, तेव्हा उघडला. वड्याच्या वाफेने पाव आतून ओलसर आणि गरम झाला होता, चटणीतलं लसूण त्या वाफेबरोबर नाकात आलं. स्टेशनच्या वडापावाला पाव भाजायला तवा नसतो. ते काम कागदाची घडी आणि पाच मिनिटांची कळ करते. छापील वर्तमानपत्रात अन्न बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगत आलं आहे, कारण शाई अन्नात उतरते. आमच्या हातात कोरा कागद आला याचा आनंद झाला. सगळ्या गाड्यांवर असंच व्हायला हवं.

बाहेर बोगदे येत-जात होते. लोणावळ्याला बँकर सुटले, चिक्कीवाले चढले, आणि आम्ही पुण्यात पोचून सरळ झोपलो.

मंगळवार. पुणे

पुण्यात वडापाव भरपूर आहे. जोशी वडेवाल्यांच्या शाखा कुठेही वळलं की दिसतात. कॅम्पातला गार्डन वडापाव आपली गर्दी राखून आहे. आम्ही दोन्हीकडे खाल्लं आणि पोट भरलं. पण पुण्याचं जे खरं वेगळं आहे ते मला वडापावात सापडत नाही. ते पॅटीसमध्ये आहे.

इथल्या गाडीवर पॅटीस म्हणजे ब्रेड पॅटीस. स्लाइस ब्रेडच्या दोन तुकड्यांत बटाट्याचं तेच सारण भरायचं, सगळं मिळून बेसनात बुडवायचं आणि तळायचं. म्हणजे वडापावात जे बाहेर असतं ते इथे आत जातं आणि पीठ सगळ्यांच्या वरून येतं. शनिवार पेठेतल्या एका गाडीवर दादा अर्धा तास उभा राहिला. गाडीवाल्या काकांना त्याने विचारलं, "ब्रेड आजचा वापरता का कालचा?" काका हसले. "आजचा घेतला तर तेल पितो, अहो. कालचाच लागतो." ताज्या ब्रेडमध्ये ओल जास्त, पिठात बुडवला की तो ढेपाळतो, कढईत टाकताना फाटतो आणि फाटेतून तेल आत शिरतं. एक दिवस शिळा ब्रेड घट्ट होतो, पीठ धरून ठेवतो. शिवाय विकून न गेलेल्या ब्रेडचं सोनं होतं. आयुष्यभर ताजा पाव द्यायची धडपड केलेल्या दादाला हे ऐकून फार बरं वाटलं. बेकरीत परत येणाऱ्या मालाचं दुःख त्याने खूप सोसलं आहे.

नाशिककर याच वाटेने आणखी पुढे गेलेत. तिथे अख्खा पाव सारण भरून पिठात बुडवून तळतात, त्याला उलटा वडापाव म्हणतात. नाशिक या वाटेवर नव्हतं. ते पुन्हा कधीतरी.

बुधवार. कोल्हापूर

स्वारगेटहून एसटी. साताऱ्यापुढे मला डोळा लागला तो कराडपर्यंत.

कोल्हापुरात उतरल्यावर संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. गाडीवर वडा मागितला तर समोरून प्रश्न आला, "पावणं, ब्रेडसंगट देऊ न्हवं?" इथे मिसळीबरोबरही ब्रेडच देतात आणि वड्याबरोबरही. जाड कापलेल्या स्लाइस, कडेचा तपकिरी भाग तसाच. वडा मुंबईच्या दीडपट, अंगाने जरा चपटा. सारणात कोथिंबीर इतकी की बटाट्याला हिरवट छटा आलेली. बाजूला तळून मीठ भुरभुरलेल्या मिरच्या.

आणि इथे खायची पद्धत बदलते. वडा ब्रेडमध्ये भरून दाबत नाहीत. स्लाइसचा तुकडा तोडायचा, त्याने वड्याचा तुकडा धरायचा, मिरचीचा एक चावा, मग घास. उभ्याने खायचं असलं तरी घाई नाही. मुंबईत गाडी पकडायची असते म्हणून सगळं एका मुठीत बसवलं. इथे संध्याकाळी तळ्याकाठी माणसं गप्पा मारायलाच आलेली असतात, म्हणून वडा ताटलीत राहिला. मला हा सगळा प्रवास याच्यासाठीच करावासा वाटला होता: तोच बटाटा, तेच बेसन, पण शेजारची भाकरी-पाव-ब्रेड बदलली की माणूस खातो कसा तेच बदलतं.

दादाला ब्रेड आवडला नाही. "गोड आहे," म्हणाला. गाडीवाल्याने ऐकलं. "तिखटावर ग्वाडच पायजे की, दादा," त्याने शांतपणे सांगितलं आणि त्याच्या ताटलीत आणखी दोन मिरच्या टाकल्या. मिरची खाल्ल्यावर दादाने ब्रेडचा दुसरा तुकडा न बोलता उचलला.

गुरुवार. आंबोली, सावंतवाडी

आजरा, मग आंबोली. घाट उतरताना धुकं होतं आणि रस्त्याच्या कडेला भजी तळली जात होती. भजी घेतली, चहा घेतला. सावंतवाडीत मोती तलावाजवळ रात्र काढली. वड्याच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही नाही, पण माणूस ताजा झाला.

शुक्रवार. म्हापसा

शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस, म्हणून तोच गाठला. बांद्यावरून गोव्यात शिरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि पोदेर, म्हणजे इथले पाववाले, आपली पहाटेची फेरी उरकून परतत होते. सायकलच्या मागे मोठी वेताची टोपली, वर निळं प्लास्टिक, हँडलला भोंगा.

मुंबईत आपण ज्याला नुसतं पाव म्हणतो, त्याची इथे अनेक रूपं आहेत. चौकोनी पाव, कोंडा लावलेली पोकळ पोयी, गोल कडक सालीचा उंडो, बांगडीच्या आकाराचं कांकण. पोर्तुगीजांनी पाव इथे आणला. इथल्या बेकऱ्यांनी यीस्ट नव्हतं तेव्हा माडाच्या सुरेवर पीठ आंबवलं. आता बहुतेक ठिकाणी यीस्टच आहे. पण उंड्याची साल अजून तशीच, दाबली की कडकन फुटते आणि आतला भाग दोऱ्यादोऱ्यांनी सुटतो. दादा बाजारात एका टोपलीपाशी खाली बसला आणि प्रत्येक प्रकारातला एकेक घेऊन, फोडून, हुंगून बघत राहिला. विकणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "हे कोण, पोदेर?" मी होय म्हटलं, तेव्हा त्यांनी एका कांकणाचे पैसे घेतले नाहीत.

बटाटवडा इथेही मिळतो, पावात घालूनही देतात. पण गोव्याचा स्वतःचा पदार्थ आहे कटलेट-पाव. मसाल्यात मुरवलेलं मांसाचं पातळ कापलेलं काप, बहुधा बीफ, काही गाड्यांवर चिकन. रव्यात घोळवून तव्यावर कमी तेलात तळायचं, पाव मधून चिरून त्यात घालायचं, वर कोबी, कांदा. संध्याकाळी गाड्या लागतात. आम्ही चिकनचं घेतलं. रव्याचं ते खरखरीत कवच आणि उंड्याची कडक साल, दोन्ही दातांखाली बोलतात, मधे मसाल्याचा आंबट-तिखट रस. इथे चुऱ्याची गरज नाही, सुकी चटणी नाही. कुरकुरीतपणा पावातच आहे.

मी दादाला विचारलं, आपला बटाटावडा या उंड्यात घातला तर? त्याने शेजारच्या हॉटेलातून गरम वडा आणून लगेच करून बघितलं. चावताना उंड्याची साल आधी प्रतिकार करते, तोवर आतला मऊ वडा चिरडून बाजूने बाहेर येतो. "नाही," तो म्हणाला. "वड्याला लादीच हवी. आणि कटलेट लादीत घातलं तर पाव भिजून लगदा होईल." दोन्ही बाजूंनी बघितल्यावर मला त्याचं पूर्ण पटलं. दादरचा वडा लादीच्या पावाभोवती घडत गेला, आणि हे कटलेट उंड्याभोवती.

गाडीवाल्याला पाव पुरवणारा पोदेर तेवढ्यात संध्याकाळचा माल घेऊन आला. दादा आणि तो दहा-पंधरा मिनिटं बोलत उभे होते, एकाची मराठी, दुसऱ्याची कोंकणी, कुठे अडलं नाही. लाकूड महाग झालं, पहाटे उठायला माणसं मिळत नाहीत, दोन्हीकडे तीच रड. मग दादाने विचारलं, घरोघरची गिऱ्हाइकं कमी होत असताना दुसरी भट्टी का चालू ठेवलीस? त्याने गाड्यांच्या रांगेकडे हात केला. सकाळचा पाव घरांत जातो, पण दुपारचा जवळजवळ सगळा या कटलेटवाल्यांना लागतो, म्हणाला. त्यांनी रोजचे उंडे सांगून ठेवलेले असतात, म्हणून दुपारी भट्टी पेटते. दादाने हे मला दोनदा सांगितलं, एकदा तिथेच आणि एकदा थिवी स्टेशनवर कोंकणकन्येची वाट बघताना. डोंबिवलीतही दुपारची लादी गाड्यांमुळेच निघते, आणि गाड्यांना तरी चारचा पाव वेळेवर आला तरच संध्याकाळचा धंदा होतो, हे त्याला जुन्या मालकाच्या पोराला समजावून सांगायचं होतं. तो दुपारचा माल बंद करायच्या विचारात आहे.